विजेने व्यसन सुटते का?

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात शेजारच्या काकूंनी मला थांबवले. "डोक्याला वीज लावली की पोराची नशा सुटते म्हणतात, खरं आहे का जी?" मी डॉक्टर नाही, जुन्या कागदांत रमणारा माणूस. उत्तराचा शोध थेट हाँगकाँगपर्यंत गेला.

१९७२च्या अखेरीस तिथल्या तुंग वा रुग्णालयात न्यूरोसर्जन डॉ. एच. एल. वेन वेदनाशमनासाठी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांतून सौम्य वीजप्रवाह सोडून पाहत होते. त्यांच्या रुग्णांत अफूचे व्यसनीही होते. अशाच एकाने सांगितले, की प्रवाह सुरू झाल्यापासून त्याची टर्की ओसरली. टर्की म्हणजे नशा तुटल्यावर नाक-डोळे गळणे, अंग मोडणे, पोटात कळा येणे. पुढल्याच वर्षी वेन आणि चंग यांनी ४० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

मेग पॅटरसन या स्कॉटिश शल्यविशारद तेव्हा तिथेच होत्या. त्याआधी त्यांनी लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केले होते. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी सुया सोडल्या आणि कानामागे इलेक्ट्रोड लावले. १९७४मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्यावर उपचार केल्याने त्यांच्या यंत्राचा गाजावाजा झाला. १९७५मध्ये अ‍ॅबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना मेंदूतच अफूसारखे काम करणारे एन्केफॅलिन सापडले. वीज हाच साठा मोकळा करत असावी, असा तर्क त्यामुळे बळावला.

मात्र १९८४च्या एका ब्रिटिश तुलनेत यंत्रापेक्षा मेथाडोन घेणारे रुग्णच उपचार अधिक संख्येने पूर्ण करू शकले. पॅटरसनबाईही पुढच्या पुनर्वसनावर भर देत. २०१७मध्ये अमेरिकेने कानामागे लावायच्या एका यंत्राला परवानगी दिली, तीही फक्त टर्कीच्या त्रासापुरती.

या कथेला एक मराठी धागाही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२मध्ये तिथेच वारले. पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बी. के. बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणले. आज कोटणिसांच्या नावाचे अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय पॅटरसनबाईंच्याच लुधियानात आहे आणि तिथे व्यसनींवरही उपचार होतात.

महाराष्ट्राने मात्र वेगळी वाट धरली. गर्दने घरे पोखरायला घेतली, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तिथे टर्की औषधांनी निभावतात. खरे काम त्यानंतरचे : समूहात बोलणे, घरच्यांना सोबत घेणे, वर्षानुवर्षे फॉलोअप.

पुढच्या बुधवारी काकूंना म्हणालो, "वीज लागू पडलीच, तर पहिले आठ-दहा दिवस हलके करील."

"आणि अकराव्या दिवशी जी?"

माझ्या कागदांतल्या सगळ्या यंत्रांपेक्षा हा प्रश्न शहाणा होता. मेडिकलच्या मनोविकार विभागात कधी जायचे, ते आम्ही तिथेच भाजीच्या पिशव्या खाली ठेवून ठरवले.