ज्वारी–कापूस–तूर मिश्रपीक (सौंसर–पांढुर्णा पट्टा)

एकाच वावरात, एकाच खरिपात कपाशी, तूर आणि ज्वारी ठरावीक तासांनी (ओळींनी) पेरण्याची कोरडवाहू पद्धत. विदर्भात आणि विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा या मराठीभाषक पट्ट्यात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. घरची भाकर, वरणाची डाळ, बैलांचा कडबा, चुलीचे सरपण आणि हाती येणारा पैसा ही सगळी गरज ती एका पेरणीतून भागवते. अन्नसुरक्षेचा विचार जागतिक परिषदांत सुरू होण्याच्या कितीतरी आधी या शिवारांनी तो करून ठेवला होता.

लोधीखेडा हे सौंसर तालुक्यातले, नागपूर–छिंदवाडा लोहमार्गावरचे गाव. सिलेवानी घाट उतरल्यावर सातपुड्याचे पठार संपते आणि नागपूरकडची कापसाची काळी जमीन सुरू होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. शेतीची अवजारे, पिके आणि ताटातले जेवण मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहे.

जुन्या पेरणीत तिफणीमागे दोरीने सरता (बी सोडायची नळी) बांधलेला असे. सरता धरून मागे चालणारी बाई मुठीतून तुरीचे दाणे सोडत जाई. सरकीला तंतू चिकटलेले असल्याने ती एकमेकींत गुंतते. म्हणून पेरणीपूर्वी ती शेणमातीत घोळून वाळवत, मग दाणा दाण्यापासून सुटा पडे. कपाशीच्या आठ-दहा तासांमागे तुरीचे एक-दोन तास हा सर्वसाधारण रिवाज होता. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पुढे कोरडवाहू शेतीसाठी कापूस, ज्वारी, तूर, ज्वारी अशी ६:१:२:१ ओळींची शिफारस केली. धुऱ्याच्या कडेने अंबाडी, मधूनमधून बरबटी, मूग, तीळ अशी भर पडे. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या हे जेवण अशाच वावरातून घरात येत असे.

या मांडणीमागे पक्का हिशेब आहे. ज्वारी दिवाळीच्या आसपास कापणीला येते, कपाशीची वेचणी हिवाळाभर चालते आणि तूर डिसेंबर-जानेवारीत हाती लागते. त्यामुळे एखादा पाऊस चुकला तरी तिन्ही पिके एकदम बुडत नाहीत. तुरीचे सोटमूळ खोल जाऊन खालची ओल उचलते. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात आणि गळलेला पाला जमिनीत कुजतो. ज्वारीच्या ताटांवर बसणारे पक्षी शेजारच्या कपाशीतल्या अळ्या टिपतात. ज्वारीवरच्या माव्यामागे ढालकिडे येतात आणि ते कपाशीवरचा मावाही खातात. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि तुराट्या चुलीत जात, तुरीचे कुटार आणि कडबा गोठ्यात, आणि गोठ्यातले शेणखत पुन्हा वावरात.

हे चक्र मोडायला एकच कारण पुरले नाही. सोयाबीन आले, छिंदवाडा मक्यासाठी नावाजला गेला, २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि वावरे सलग एका पिकाची होऊ लागली. ट्रॅक्टर आला, बैलजोडी कमी झाली, मग कडब्याचीही ओढ राहिली नाही. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागल्याने ज्वारीची घरची गरजही आटली. १९७० च्या सुमारास भारतात पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती. आज ती ४० लाख हेक्टरांच्या घरात आहे. सगळ्या शिवारात एकाच शेतकऱ्याने ज्वारी पेरली, तर गावभरचे पक्षी आणि रानडुकरे तिथेच उतरतात. जागलीला (रात्रीच्या राखणीला) माणूस मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी तोही ज्वारी सोडतो. या पिकाचे रक्षण पूर्वी सगळ्यांनी मिळून पेरण्यातच होते, ही बाब धोरण आखणाऱ्यांच्या नजरेतून नेहमी निसटते.

ओलिताच्या वावरांत संत्रा आला. सौंसर-पांढुर्णा हा नागपुरी संत्र्याच्या पट्ट्याचाच भाग आहे. आंबिया आणि मृग असे दोन बहार येथे घेतले जातात. संत्र्याने या भागात पैसा आणला, पक्की घरे आणली, मुलांची शिक्षणे केली. त्याबरोबर बोअरवेलही आल्या. बहारासाठी झाडाला ताण देऊन नंतर भरपूर पाणी द्यावे लागते, आणि उन्हाळ्यात नेमके तेच आटते. या पट्ट्यातल्या फळाचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले, तेव्हा त्याचा फटका थेट बागायतदारांच्या भावाला बसला. बागेच्या मालकालाही भाकरीचे पीठ दुकानातूनच आणावे लागते.

रोम येथे १९९६ मध्ये झालेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली, तिच्यातून उपलब्धता, मिळवण्याची ऐपत, पोषण आणि सातत्य हे चार निकष पुढे आले. २०२३ मध्ये जगात सुमारे ७३ कोटी लोक उपाशी होते, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२४ मधला अंदाज होता. जगभर उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी जवळपास ७० टक्के शेतीला लागते. मिश्रपीक या चारही निकषांना एकाच वावरात हात घालते, आणि तेही ओलिताशिवाय. एका पिकाचे एकरी उत्पन्न तेवढे मोजले तर ते मागे पडते. धान्य, डाळ, चारा आणि जमिनीचा कस मिळून मोजले तर चित्र बदलते. मोजणीची ही पद्धत बदलणे हे या क्षेत्रातले सर्वांत निकडीचे काम आहे.

भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. २०२४-२५ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये आणि तुरीचा ७,५५० रुपये होता. हमीभावाने होणारी सरकारी खरेदी मात्र मुख्यतः गहू आणि तांदळाचीच आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात रेशनवर भरडधान्य देण्याची तरतूद आहे. जिल्ह्यातच पिकलेली ज्वारी विकत घेऊन त्याच जिल्ह्यातल्या रेशन दुकानांत, अंगणवाड्यांत आणि शाळांच्या मध्यान्ह भोजनात दिली, तर पेरणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि जागलीचा भारही पुन्हा गावभर वाटला जाईल. कपाशीच्या तासांमागे तुरीचे तास टाकण्याचा रिवाज या भागात अजून टिकून आहे. गळाली आहे ती मुख्यतः ज्वारी.