डोळ्याच्या भुलेच्या इंजेक्शनात कोण कोण आहे?



पोस्ट जरा लांब आहे, पण विषय आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे. आपल्यातल्या बहुतेकांच्या आई-बाबांचं, सासू-सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एक तर झालंय, नाहीतर होऊ घातलंय. ते तिकडे, आपण इकडे. मग व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो येतो. मी डॉक्टर नाही, सीए आहे. त्यामुळे एकूण रक्कम नंतर, आधी एकेक ओळ वाचायची ही सवय. सासूबाईंच्या बिलात लेन्सची मोठी रक्कम होती आणि खाली किरकोळ पैशांच्या दोन ओळी : ‘लिग्नोकेन विथ ॲड्रेनलिन’ आणि ‘हायल्युरोनिडेज’. लिग्नोकेन म्हणजे भुलेचं औषध, हे माहीत होतं. पण त्यात आणखी दोन औषधं कशाला? शोधायला गेले आणि जो इतिहास हाती लागला, तो आपल्यासारख्या देश सोडून आलेल्यांनी वाचावा असा आहे.

सुरुवात व्हिएन्नात होते. १८८४ पर्यंत डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे पेशंटला धरून ठेवायचं. ईथर, क्लोरोफॉर्म होते, पण शुद्धीवर येताना उलटी झाली की त्या जोराने डोळ्याची ताजी जखम बिघडायची. कार्ल कोलर या २६ वर्षांच्या डॉक्टरला त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड (हो, तोच मानसशास्त्रवाला) याच्यामुळे कोकेनची ओळख झाली. कोकेनने जीभ बधिर होते, मग डोळा का नाही होणार? त्याने आधी बेडकाच्या डोळ्यावर थेंब टाकून पाहिले, मग सशाच्या, कुत्र्याच्या आणि शेवटी स्वतःच्या. १५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हे जाहीर झालं, पण कोलर तिथे नव्हता. प्रवासाला पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्या डॉक्टरने वाचला.

एवढा शोध लावूनही व्हिएन्नात त्याला हवी ती जागा मिळाली नाही. हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्याने ज्यू म्हणून शिवी दिली, कोलरने थोबाडीत मारली, प्रकरण तलवारींच्या द्वंद्वापर्यंत गेलं. शेवटी १८८८ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि तिथलाच झाला.

थेंबांनी डोळ्याचा पृष्ठभाग बधिर व्हायचा, पण आतलं दुखायचंच. म्हणून १८८४ मध्येच हर्मन नॅप यांनी न्यूयॉर्कमध्ये डोळ्याच्या मागे सुईने कोकेन दिलं. तेही मूळचे जर्मनीचे, १८६८ मध्ये तिकडची नोकरी सोडून आलेले. पण कोकेन रक्तात लवकर उतरायचं. म्हणजे भूल लवकर जायची आणि विषबाधेची भीती वाढायची.

इथे बिलातली पहिली ‘जोड’ येते. जोकिची ताकामिने हे जपानी रसायनतज्ज्ञ १८९० मध्ये अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांनी आणि त्यांचे सहायक उएनाका यांनी १९००-०१ च्या सुमारास ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात. जर्मन सर्जन हाइनरिश ब्राउन यांनी १९०३ मध्ये ते भुलेच्या औषधात मिसळायचं सुचवलं. बोटाला दोरी आवळावी तसं औषध जागेवर राहतं, भूल जास्त वेळ टिकते. पुढे कोकेन गेलं, नोव्होकेन आलं, १९४० च्या दशकात स्वीडनहून लिग्नोकेन आलं. ॲड्रेनलिन मात्र सोबत राहिलं.

दुसरी जोड बरोबर उलट काम करते. एक औषध धरून ठेवतं, दुसरं पसरवतं. पेशींच्या मधल्या जागेत हायल्युरोनिक ॲसिड नावाचा चिकट पदार्थ असतो. तो १९३४ मध्ये कार्ल मायर यांनी गाईच्या डोळ्यातल्या जेलीतून वेगळा केला. मायर जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेले. त्याआधी, १९२८ मध्ये बार्सिलोनाहून आलेल्या फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स यांना दिसलं होतं की प्राण्यांच्या वृषणांच्या अर्कात काहीतरी आहे, ज्याने टोचलेली गोष्ट कातडीत भराभर पसरते. सापाच्या विषातही तसंच काहीतरी सापडलं. हे ‘काहीतरी’ म्हणजे तो चिकट पदार्थ विरघळवणारं एन्झाइम, हायल्युरोनिडेज, हे १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये डथी आणि अर्न्स्ट चेन यांनी दाखवलं. चेन हिटलर आल्यावर १९३३ मध्ये बर्लिन सोडून निघालेले. पेनिसिलिनच्या नोबेलमधले चेन ते हेच.

१९४९ मध्ये वॉल्टर ॲटकिन्सन या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी हे एन्झाइम डोळ्याच्या भुलेत घालण्याबद्दल लिहिलं. औषध डोळ्याच्या सगळ्या स्नायूंपर्यंत नीट पोचतं, डोळा लवकर स्थिर होतो आणि सुई दिल्यावर वाढलेला दाबही उतरायला मदत होते.

या किरकोळ ओळीची किंमत कळली ती ती गायब झाल्यावर. २००० च्या आसपास अमेरिकेत या औषधाचा पुरवठा बंद पडला. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही पेशंटना एकाचे दोन दिसू लागल्याचे अहवाल डॉक्टरांनी छापले. औषध पसरलं नाही, एकाच जागी साचलं आणि तिथल्या स्नायूला इजा झाली, असा त्यांचा अंदाज होता. २००४ मध्ये नव्या औषधांना मंजुरी मिळाली आणि ते परत आलं.

म्हणजे हिशेब बघा. कोलर, नॅप, ताकामिने, दुरान-रेनाल्स, मायर, चेन. सहाही जण आपला देश सोडून आलेले. कुणी अपमानामुळे, कुणी जीव वाचवायला, कुणी कामासाठी. ब्राउन, ॲटकिन्सन आपापल्या देशातच राहिले, त्यांचं कामही तितकंच मोठं. पण आपली मुलं ‘बाहेरून आलेले लोक’ हा शब्द शाळेत, बातम्यांत वेगवेगळ्या सुरांत ऐकतात. त्यांना ही सहा नावं सांगा, आणि हेही सांगा की आजीच्या डोळ्यात गेलेल्या त्या थोड्याशा औषधामागे ही माणसं आहेत.

आता कामाचं. आजकाल बरीच ऑपरेशनं फक्त थेंबांवर होतात, त्यामुळे इंजेक्शन असेलच असं नाही. असेल तर त्यात काय मिसळणार आहेत, हे आई-बाबांना आधी विचारायला सांगा. हृदयाचा त्रास, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आधी कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल तर ती, हे सगळं कागदावर लिहून द्या. ॲड्रेनलिन काही पेशंटना देणं डॉक्टर टाळतात आणि हायल्युरोनिडेजची ॲलर्जी क्वचित का होईना, येते. निर्णय डॉक्टरांचाच, पण माहिती आपल्याकडून जायला हवी. आपली माणसं डॉक्टरांसमोर ‘सगळं ठीक आहे हो’ म्हणून मोकळी होतात, हे आपल्याला चांगलंच माहीत आहे!

तुमच्याकडे कुणाचं ऑपरेशन ठरलंय का? इथून फोनवर तुम्ही काय काय विचारलंत, ते खाली लिहा. पुढच्यांना उपयोग होईल.