हंगामी फुले : पेरणीपासून बहरापर्यंत

गणपतीनंतर पावसाचा जोर ओसरू लागला, की हिवाळी फुलांच्या पेरणीचे दिवस येतात. बहरात आलेले रोप विकत आणले, तर बहराचा काही काळ रोपवाटिकेतच सरलेला असतो. बियांपासून रोपे तयार केल्यास हवे ते वाण निवडता येते आणि संपूर्ण बहर आपल्या वाट्याला येतो.

वेळेचे महत्त्व

रुजण्यापासून बी धरण्यापर्यंतचे आयुष्य एकाच हंगामात पूर्ण करणारी झाडे म्हणजे हंगामी फुलझाडे. त्यामुळे पेरणीची वेळ टळली, तर पुढील वर्षाचीच वाट पाहावी लागते. महाराष्ट्रात पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस यांची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी. डिसेंबरमध्ये पेरलेली रोपे अंग धरतात न धरतात तोच उन्हाचा तडाखा सुरू होतो. तेरडा मात्र पावसाळ्याच्या आरंभीच पेरावा. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असल्यास बी जुलैमध्ये पेरावे.

पेरणी

तळाला छिद्रे असलेली पसरट कुंडी घ्यावी. पोयट्याची माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून चाळून घ्यावे. कोकोपीट व गांडूळखताचे मिश्रणही चालते. बियांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट मातीचा थर पुरेसा होतो. पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्याला रुजण्यासाठी प्रकाश लागतो. म्हणून ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून पेरावे व वर माती टाकू नये. झारीच्या धारेने बी वाहून जाते. त्याऐवजी कुंडी पाण्याच्या परातीत ठेवावी, माती खालून ओलावा शोषून घेते.

झेंडू व झिनिया चार ते सात दिवसांत, ॲस्टर आठ-दहा दिवसांत, तर पिटुनिया एक ते दोन आठवड्यांत रुजतो. अंकुर दिसताच कुंडी उजेडात हलवावी. सावलीत रोपे लांबुडकी व दुबळी होतात.

कोवळ्या रोपांचा शत्रू

काल टवटवीत असलेली रोपे आज मातीलगत कुजून आडवी पडलेली दिसतात. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींमुळे होणारा हा रोग. कोलमडलेले रोप वाचत नाही, त्यामुळे प्रतिबंध हाच उपाय. बी विरळ पेरावे, पाणी सकाळी व बेताने द्यावे, वारा खेळता ठेवावा आणि जुनी, रोगट माती पुन्हा वापरू नये.

पुनर्लागवड

चार ते सहा पाने आल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी, संध्याकाळच्या वेळी रोपे मुळांभोवतीच्या मातीसह हलवावीत. आठ इंची कुंडीत एकच रोप लावावे. झिनिया, कॉसमॉस व सूर्यफूल यांना मुळे दुखावणे मानवत नाही, त्यांचे बी थेट मोठ्या कुंडीत पेरलेले बरे. झेंडूचे रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून फुले वाढतात. सुकलेली फुले वेळीच काढल्यास झाडाची शक्ती बी धरण्यात खर्च होत नाही आणि बहर लांबतो.

बियांची निवड

संकरित वाणाच्या झाडाचे बी धरून पुढील वर्षी पेरल्यास तशीच फुले येतील याची खात्री नसते. बी साठवायचे असल्यास सरळ वाण निवडावे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले गणेश' मालिकेतील ॲस्टर किंवा 'पुसा नारंगी' व 'पुसा बसंती' हे झेंडू अशा वाणांपैकी आहेत. ॲस्टरच्या बियांची उगवणशक्ती लवकर घटते, म्हणून ताजे बीच वापरावे आणि खरेदी करताना पाकिटावरील तारीख पाहावी.