साहेबाची काठी

गेल्या मे महिन्यात थोरल्या काकांचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात एका बगच्या मागे लागले होते. काकांनी ‘कशी आहेस’ वगैरे काही विचारलं नाही. "हार्डीची काठी कितीला जाते ते बघ. तो पुण्याचा माणूस आपल्याला फसवतोय."

काठी म्हणजे मासे धरायची काठी, फिशिंग रॉड. पाटण तालुक्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक लाकडी पेटी आहे. तिच्यात खाचा पाडून बांबूचे सात तुकडे बसवलेत. त्यांवर लाल, हिरव्या, पिवळ्या रेशमी दोऱ्याचे वेढे आहेत. पणजोबा मराठा पलटणीत होते आणि लढाईत एका गोऱ्या साहेबाचा जीव वाचवला म्हणून त्यानं आपली काठी त्यांना बक्षीस दिली, असं घरात सगळे सांगतात. माझ्या लहानपणी तो साहेब कॅप्टन होता. मी इंजिनियरिंगला जाईपर्यंत तो कर्नल झाला होता.

घराच्या छपराचं काम निघालं होतं. काकांनी पेटीचे फोटो पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पाठवले. त्यानं आठ हजार सांगितले. मग काकांनी नेटवर शोधलं, तर हार्डी नावाच्या इंग्लिश कंपनीच्या जुन्या काठ्या त्याच्या कितीतरी पट भावानं विकायला ठेवलेल्या दिसल्या. साहेब इंग्रज, म्हणजे काठी इंग्लिश, म्हणजे हार्डी. काकांचं गणित सरळ होतं.

मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही. पण एखादी गोष्ट कुठून आली, कधी बदलली, कोणी बदलली हे शोधणं माझं रोजचंच काम आहे. शनिवारी गावी गेले, पेटी ओसरीवर आणली आणि उघडली.

कामट्यांचं गणित

जुन्या काठीची किंमत ठरवण्याआधी तिचा काळ ठरवावा लागतो, आणि काळ ठरतो तो ती कशाची बनलीय त्यावरून. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लोक अ‍ॅश, हिकरी, लान्सवुड अशा लाकडांच्या काठ्या वापरत. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाहून येणारं ग्रीनहार्ट नावाचं जड, चिवट लाकूड त्यांचं विशेष आवडतं होतं. लाकडी काठीचा तुकडा गोल आणि एकसंध असतो.

आमचे तुकडे गोल नव्हते. बोटांत धरून फिरवले, की षटकोनी पेन्सिलीसारख्या कडा लागत होत्या. म्हणजे ‘स्प्लिट केन’. बांबू चिरून त्याच्या कामट्या काढायच्या, प्रत्येक कामटी रंधून समभुज त्रिकोणी करायची आणि अशा सहा कामट्या एकमेकींना चिकटवायच्या. साठ अंशांचे सहा कोन मिळून पूर्ण वर्तुळ होतं. बांबूचे सगळ्यांत दाट, बळकट तंतू सालीच्या लगेच आत असतात. म्हणून साल बाहेर ठेवायची आणि आतला भुसभुशीत भाग काढून टाकायचा. वाकताना जिथे सगळ्यांत जास्त ताण येतो, तिथेच सगळ्यांत चांगला माल येतो. कॉलेजात ज्या बीमची गणितं मी कंटाळत सोडवली, ती इथे हातात धरता येत होती.

अमेरिकेत ही कला रुजवण्याचं श्रेय पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप नावाच्या बंदूक बनवणाऱ्याला देतात. काळ १८४० च्या दशकाचा. पुढे हायरम लिओनार्डनं कामट्या कापायचं यंत्र बनवलं आणि हे काम कारखान्यात गेलं. इंग्लंडात ॲनिक या गावी १८७२ साली हार्डी बंधूंची कंपनी सुरू झाली. तिच्या स्प्लिट केन काठ्या ‘पॅलाकोना’ या नावानं जगभर गेल्या.

हे वाचताना एका गोष्टीनं मला थांबवलं. त्या सुरुवातीच्या काठ्यांचा बांबू आपल्याकडचा होता. तो कलकत्त्याच्या बंदरातून जायचा, म्हणून व्यापारात त्याचं नाव ‘कलकत्ता केन’ पडलं. आपल्याकडे लाठ्यांसाठी वापरतात त्या भरीव बांबूच्या जातीचा. त्याच्या सालीवर अनेकदा भाजल्याचे काळपट डाग असतात आणि आजही जाणकार त्या डागांवरून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची काठी ओळखतात. १९०० च्या आसपास त्याची जागा चीनच्या ‘टोंकिन केन’नं घेतली. याची पेरं लांब, म्हणजे गाठी कमी, आणि तंतूंचा थर जाड. गंमत म्हणजे तो टोंकिनचा, म्हणजे उत्तर व्हिएतनामचा, नाहीच. तो दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात, सुई नदीच्या खोऱ्यात वाढतो.

म्हणजे दोन्ही बांबूंना मिळालेली नावं व्यापाऱ्यांनी दिलेली. ते कुठे उगवले, हे त्या नावांवरून कळत नाही. नावावर विसंबायचं नाही, हा या शोधातला माझा पहिला धडा.

तपासणी

दुसरी खूण दोऱ्याची. जुन्या काळी कामट्या जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसानं चिकटवत. ओलाव्यानं सरस सुटतो. म्हणून दर इंच-दोन इंचांवर रेशमाचे बारीक वेढे देत. पुढे पाण्याला दाद न देणारे कृत्रिम गोंद आले आणि हे वेढे कमी होत गेले. आमच्या काठीवर वेढे भरपूर होते. काका खूश झाले. "बघ, जुनी आहे!"

पण वेढे नकली जुनेपणासाठीही देता येतात, शोभेसाठीही देता येतात. आमचे तीनरंगी होते, एखाद्या बाशिंगासारखे. हार्डीच्या काठ्यांचे जेवढे फोटो मी पाहिले, त्यांत असा थाट कुठेच नव्हता. शिवाय हार्डी आपलं नाव लपवत नाही. मुठीजवळच्या बांबूवर किंवा बुडाच्या धातूवर कंपनीचं नाव असतं, बऱ्याचदा क्रमांकही असतो. तो कंपनीच्या जुन्या कॅटलॉगांशी ताडून पाहता येतो. आमच्या सातही तुकड्यांवर मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. एक अक्षर सापडलं नाही.

तिसरी खूण शेंबीची. दोन तुकडे जोडायला टोकांना धातूच्या नळ्या बसवतात, एक नर आणि एक मादी. चांगल्या काठीत या जर्मन सिल्व्हरच्या असतात आणि इतक्या अचूक घासलेल्या असतात, की ओढून सुट्या करताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा ‘पॉप’ आवाज येतो. आमच्या शेंब्यांवर चकचकीत मुलामा होता, तो उडाला होता आणि खालून पितळ दिसत होतं. आवाज आलाच नाही. सांधा खुळखुळत होता.

मग लांबी. चांगल्या काठीचे सगळे तुकडे सारख्या लांबीचे असतात, आणि शेंडा सगळ्यांत नाजूक म्हणून बहुधा दोन शेंडे देतात. एखादा शेंडा आखूड भरला, तर तो कधीतरी मोडलाय आणि टोकाची कडी मागे सरकवून बसवलीय, असं समजायचं. असा आखूड शेंडा असेल तर मोठ्या नावाच्या काठीचीही किंमत धाडकन खाली येते. आमच्या दोन शेंड्यांपैकी एक दुसऱ्याहून दोन इंच कमी भरला. त्याची कडी रेशमानं बांधलेली नव्हती. जाड, मळकट दोऱ्यानं बांधली होती.

आणि शेवटी, दोन वर्षांपूर्वी काकांनी सुताराकडून मुठीजवळच्या तुकड्याला नवं वॉर्निश मारून घेतलं होतं. चांगल्या मनानंच. पण जुन्या वस्तूवर नवं वॉर्निश म्हणजे मूळ लॉग फाइल पुसून टाकण्यासारखं. तुमच्या घरात अशी काही वस्तू असेल, तर तिचं काय आहे ते कळेपर्यंत नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसा. पॉलिश नको, सँडपेपर तर नकोच.

पेटीनं दिलेलं उत्तर

उत्तर काठीपेक्षा पेटीतच होतं. खाचा असलेली लाकडी पेटी, तुकडे अदलाबदल करून दोन-तीन प्रकारे जुळवता येणारी काठी, भडक रंगांचे रेशमी वेढे, मुलामा दिलेल्या शेंब्या. हे वर्णन जुन्या काठ्यांच्या जाणकारांना तोंडपाठ असतं, कारण माळ्यावर ‘खजिना’ सापडलेले लोक त्यांच्याकडे सर्वांत जास्त हीच वस्तू घेऊन येतात. या पेट्या जपानमध्ये बनल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर.

१९४५ साली जपाननं शरणागती पत्करली आणि १९५२ पर्यंत देश दोस्तांच्या ताब्यात होता. शहरं बेचिराख झालेली, उद्योग बंद पडलेले आणि लाखभर परदेशी सैनिक खिशात पगार घेऊन फिरणारे. घरी न्यायला दिसायला सुंदर, पेटीत मावणारी आणि स्वस्त अशी भेटवस्तू त्यांना हवी होती. बांबू आणि रेशमाचं काम जपानी कारागिरांच्या हातात होतंच. काठी मासे धरायला फार कामाची नसली तरी चालणार होतं. म्हणून त्या आज मोठ्या संख्येनं शिल्लक आहेत आणि म्हणूनच त्यांना भाव नाही. एव्हरेट गॅरिसन या अमेरिकन इंजिनियरनं ताणाची गणितं मांडून, कामट्या इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून काठ्या बनवल्या. आयुष्यभरात त्या हजाराच्या आतच भरल्या. त्यांतली एक आज हजारो डॉलरना जाते. जपानी पेटीला शंभर डॉलर आले तर विकणारा खूश होतो.

व्यापाऱ्यानं सांगितलेले आठ हजार रुपये त्याच्या आसपासच होते. पुण्याचा माणूस फसवत नव्हता.

पण मग जपानची पेटी पाटणला आली कशी?

ओकायामा

हा भाग मला शाळेत कोणी शिकवला नव्हता. जपान ताब्यात ठेवायला फक्त अमेरिकन फौजा नव्हत्या. ब्रिटिश कॉमनवेल्थची एक फौज १९४६ साली तिथे गेली आणि तिच्यात एक ब्रिटिश-भारतीय तुकडी होती. तिला ‘ब्रिंडिव्ह’ म्हणत. तिचं मुख्यालय ओकायामात होतं. तिच्यातल्या २६८ व्या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर थिमय्या, जे पुढे स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले. याच ब्रिगेडमध्ये पंजाबी आणि गुरखा पलटणींबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. १९४७ साली, देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास, ही ब्रिगेड मायदेशी परतली.

पणजोबांचं फौजेचं पुस्तक काकांच्या कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली होतं. पानं चिकटली होती. पण ‘जपान’ हा शब्द वाचता आला. त्याच्या खालची तारीख १९४६ ची होती. तो शब्द इतकी वर्षं तिथेच होता. साहेबाची गोष्ट पक्की माहीत असल्यामुळे कोणी पुस्तक उघडलंच नव्हतं.

जपानहून निर्यात होणाऱ्या मालावर १९४७ पासून ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का मारायचा नियम होता. आमच्या पेटीवर तो नाही. त्यावरून काही सिद्ध होत नाही. निर्यातीच्या मालाचा नियम तिथल्याच दुकानात शिपायानं घेतलेल्या पेटीला लागू असायचं कारण नाही. बंदुकीच्या गोळ्या, जखमी साहेब, बक्षीस यांतलं काही झालं नाही, असंही मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण लढाई संपल्यावरच्या जपानमध्ये कुणाचा जीव वाचवायची वेळ फारशी येत नसणार. आणि पेटीत तर कुठल्याच साहेबाचं काही नव्हतं.

मी हे सगळं ओसरीवर सांगितलं. काका गप्प झाले. त्यांचे लाख गेले होते आणि कर्नलही गेला होता. मलाच वाईट वाटलं. शोधलं नसतं तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटून गेलं.

आजी इतका वेळ लसूण सोलत होती. ती म्हणाली, "म्हणजे मामंजींना कुणी दिली नव्हती. त्यांनी इकत घेतली होती?"

"बहुतेक. पगारातून."

"मग बरं झालं," आजी म्हणाली. "मला ती साहेबाची गोष्ट कधी आवडली नाही. मामंजी कुणाकडून काही घेणारे नव्हते."

मग तिनं आखूड शेंडा मागितला आणि डोळ्यांजवळ धरून तो दोरा पाहिला. तो गोधडीचा दोरा होता. तिनंच दिलेला. कोयनेच्या डोहात वाम लागली होती आणि शेंडा मोडला होता, ती लग्न होऊन आल्यावरच्या पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात. मामंजींनी तो दुरुस्त करायला तिच्याकडे दोरा मागितला होता. त्या काठीनं मासे धरता येत नाहीत, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

काकांनी पुण्याच्या माणसाला फोन करून पेटी विकायची नाही म्हणून कळवलं आणि तो चांगला माणूस आहे असं आम्हाला दोनदा सांगितलं. छपराचं काम बाबांनी आणि मी अर्धं-अर्धं वाटून घेतलं. पेटी आता माळ्यावर नाही. पहिल्या पावसाआधी तिला खाली आणून कपाटात ठेवलंय, फौजेच्या पुस्तकाशेजारी. गोधडीचा दोरा मी काढू दिला नाही.