मेंदूची सौम्य इजा आणि प्रतिमाचित्रण
डोक्याला मार लागल्यावर शुद्धीची पातळी जोखणाऱ्या ग्लासगो कोमा मापनात (१९७४) १३ ते १५ गुण आल्यास इजा सौम्य समजतात. रुग्णाला हे विशेषण क्वचितच पटते. कवटीचा अस्थिभंग व रक्तस्राव सीटी स्कॅनमध्ये चटकन दिसतो, म्हणून तातडीच्या वेळी तोच करतात. सौम्य इजेत तो बहुधा नॉर्मल येतो, पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. डोक्याला हिसका बसताना ताणले गेलेले चेतापेशींचे अक्षतंतू त्यात दिसतच नाहीत. एमआरआयच्या काही पद्धतींत सूक्ष्म रक्तस्राव काळ्या ठिपक्यांच्या रूपात उमटतो. पाण्याच्या रेणूंच्या विसरणावरून तंतूंची अवस्था जोखणारे चित्रण मात्र अजून एकेका रुग्णाच्या निदानापुरते भरवशाचे नाही. डोकेदुखी, भोवळ, विसराळूपणा, उजेडाचा त्रास ही लक्षणे बहुतेकांत तीन महिन्यांत ओसरतात. काहींत ती रेंगाळतात. त्यात आधीची अर्धशिशी, चिंता किंवा मानेची दुखापत यांचाही वाटा असतो.