राजवाड्यांतील हायस्कूल

सातारा शहराच्या मध्यभागीं छत्रपतींचा जुना राजवाडा आहे. ज्या वास्तूंत एके काळीं प्रतापसिंह महाराजांचा दरबार भरे, तेथेंच पुढें पिढ्यान्‌पिढ्या शाळेची घंटा वाजली. इंग्रजी अमदानींत ही शाळा सातारचें गव्हर्नमेंट हायस्कूल म्हणून ओळखली जाई. पुढें तिला प्रतापसिंह हायस्कूल हें नांव मिळालें. ज्या राजाचें राज्य इंग्रजांनीं घेतलें, त्याचें नांव अखेर शाळेनें राखलें, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं प्रतापसिंहांस सातारच्या गादीवर स्थापन केलें. १८३९ सालीं त्यांस पदच्युत करून काशीस पाठविलें. तेथेंच १८४७ सालीं त्यांचा अंत झाला. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ सालीं वारले आणि डलहौसीनें संस्थान खालसा केलें. राज्य गेलें, वाडा मात्र राहिला. राजसत्ता ओसरल्यावर तिच्या वास्तूंत विद्या नांदूं लागावी, हें जगाच्या इतिहासांत नवें नाहीं. जर्मनींत नाउम्बुर्ग शहराजवळ पोर्टा नांवाचा ख्रिस्ती संन्याशांचा एक पुरातन मठ होता. धर्मसुधारणेच्या लाटेंत तो मोडीत निघाला व १५४३ सालीं सॅक्सनीचा ड्यूक मोरित्स यानें तेथें शाळा घातली. तीच शुल्फोर्टा. तत्त्ववेत्ता फिख्टे, इतिहासकार रांके आणि नीत्शे हे तिचे विद्यार्थी. परंतु मोरित्सची खरी दूरदृष्टि वास्तूच्या निवडींत नव्हती. मठाच्या जमिनींचें उत्पन्न त्यानें शाळेस लावून दिलें, आणि मुलांच्या राहण्याजेवणाची सोय त्यांतून केली. नगरानगरांस जागा वांटून दिल्यामुळें सामान्य घरचा हुषार मुलगाहि तेथें येऊन शिकूं शके.

सातारच्या राजवाड्यांत शाळा आली, पण तिच्याबरोबर भाकरी आली नाहीं. येथेंच कृष्णाकांठच्या शिक्षणाची सारी कथा आहे. पलूस-तासगावचा मुलूख त्या काळीं सातारा जिल्ह्यांत मोडे. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. मळईच्या काळ्या जमिनीचा हा प्रदेश. परंतु येथील शेतकऱ्याच्या मुलास मराठी शाळा संपल्यावर पुढील इंग्रजी शिक्षणासाठीं सातारा, सांगली, कोल्हापूर अशीं शहरें गांठावीं लागत. फी आणि पुस्तकें यांची जुळणी एखादे वेळीं होई. पण परक्या गांवीं निजावें कोठें आणि दोन वेळां जेवावें काय, हा प्रश्न बहुधा निरुत्तर करणारा असे. ब्राह्मण विद्यार्थ्यांस वार लावून अगर माधुकरी मागून शिकण्याची जुनी चाल तरी होती. कुणब्याच्या, धनगराच्या वा महाराच्या मुलास तीहि वाट नव्हती.

वाट असली तरी दार उघडें असेलच असें नव्हे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं या हायस्कुलाच्या इंग्रजी पहिलीच्या वर्गांत एका मुलाचें नांव दाखल झालें: भिवा रामजी आंबेडकर. पटावरील क्रमांक १९१४. सुभेदाराचा हा मुलगा सातारच्या शालेय दिवसांत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची त्यास मुभा नव्हती. सरकारी शाळेचा दरवाजा कायद्यानें उघडा होता, पण रूढीनें वर्गाच्या आंत आणखी एक भिंत उभी केली होती. त्याच मुलानें पुढें भारताच्या संविधानाचा मसुदा घडविला. आणि २०१७ सालापासून त्याच्या शाळाप्रवेशाचा दिवस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

संस्थानी मुलखांत कांहीं वेगळे प्रयत्न चालले होते. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहें काढण्यास उत्तेजन दिलें. शाळेपूर्वीं अन्नाची सोय हवी, हें मर्म त्यांनीं ओळखलें होतें. पलूसच्या शेजारचें कुंडल हें औंध संस्थानांत होतें. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे विद्येचे चाहते. दापोलीस शिक्षण पुढें चालविणें अशक्य झालें तेव्हां साने गुरुजी शिकण्यासाठीं औंधास आले, आणि अर्धपोटीं राहून तेथें शिकले. ग. दि. माडगूळकरांचें शिक्षणहि आटपाडी, कुंडल व औंध येथें झालें. त्याच राजांच्या आश्रयानें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडल रोड स्थानकाजवळच्या, निवडुंगानें भरलेल्या ओसाड माळावर नांगरांचा कारखाना वसविला. तीच आजच्या पलूस तालुक्यांतील किर्लोस्करवाडी.

या कारखान्याचे लोखंडी नांगर खपविण्यासाठीं खेडोपाडीं हिंडणारा एक उमदा गृहस्थ होता. भाऊराव पायगोंडा पाटील हें त्याचें नांव. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलांत त्यांचें शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंत झालें होतें. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीं अक्षरशत्रुत्व कसें नांदतें, हें त्यांनीं जवळून पाहिलें. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ सालीं संस्थेचें ठाणें सातारास आलें आणि तेथें वसतिगृह सुरू झालें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. कोल्हापुरांत वसतिगृहें जातवार होतीं. येथें मराठा, महार, जैन, मुसलमान अशीं सर्व मुलें एका पंक्तीस बसून जेवूं लागलीं. ज्या शहरांत एका मुलास पाण्याचा नळ वर्ज्य होता, त्याच शहरांत अवघ्या पंचवीस वर्षांत हें घडलें. धान्य संपलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रहि, मुलांच्या अन्नासाठीं दिलें.

१९४० सालीं संस्थेनें सातारांत महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलें. फी नाहीं, राहण्याची सोय, आणि विद्यार्थ्यानें आपल्या श्रमानें आपला भार हलका करावयाचा, अशी त्याची घडण होती. मोरित्सनें मठाच्या जमिनींवर जें साधलें, तें येथें ना राजाच्या खजिन्यावर, ना मठाच्या इनामावर. मुलांच्या हातांतील कुदळीवर आणि रयतेच्या मूठमूठ धान्यावर साधलें. पुढें संस्थेच्या शाळा खेडोपाडीं पसरल्या आणि शिकण्यासाठीं गांव सोडण्याची सक्ति हळूहळू सैल झाली.

जुन्या शाळेचा गौरव तिच्या वयावरून वा तिच्या नामांकित विद्यार्थ्यांवरून करण्याची रीत आहे. त्याबरोबर आणखी एक हिशेब मांडला पाहिजे: तिच्या दारापर्यंत कोण पोहोंचूं शकला, आंत आल्यावर तो कोठें बसला, आणि संध्याकाळीं तो कोठें जेवला? सातारच्या राजवाड्यांतील शाळेनें विद्या दिली, यांत शंका नाहीं. परंतु पलूसच्या शिवारांतील मुलगा त्या विद्येचा वारस झाला तो, शाळेच्या दप्तरास कोणीतरी भाकरीची शिदोरी जोडली तेव्हां.