दीड लाख श्वास आणि एक लाऊडस्पीकर

सुरत म्हटली की मराठी माणसाला आधी शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, मग १९०७ चे काँग्रेसचे उधळलेले अधिवेशन, आणि आमच्यासारख्या खाणाऱ्यांना घारी. आता त्यात योगासनांची भर पडली आहे. २१ जून २०२३ च्या सकाळी डुमस रस्त्याच्या परिसरात दीड लाखाच्या आसपास माणसे एकाच वेळी योगासने करायला बसली आणि राजस्थानातल्या कोटा शहराचा २०१८ चा विक्रम मोडून गिनीज बुकात सुरतेचे नाव लागले.

मला त्या बातमीत आकड्यापेक्षा आवाजाचे कुतूहल वाटले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एका टोकाला कुणी 'श्वास घ्या' म्हटले, तर किलोमीटरभर लांबच्या माणसाला ते तीन सेकंदांनी ऐकू येणार. तोवर पुढचा माणूस श्वास सोडायला लागलेला! म्हणून अशा कार्यक्रमात रस्त्याचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा पडदा, वेगळा स्पीकर देतात. दीड लाख माणसांचा श्वास एका आवाजाने चालवायचा. पण योगासनांच्या जोडीला हा बाहेरचा आवाज आला कुठून?

जुन्या ग्रंथांत तो नाही. नाद आहे, आणि भरपूर आहे. साधारण पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या 'हठयोगप्रदीपिके'त चौथा उपदेश आहे, त्यात नादानुसंधान येते. साधकाने बोटांनी कान बंद करायचे आणि आतला आवाज ऐकायचा. आधी समुद्र, मेघ, भेरी यांसारखे मोठे आवाज, मग शंख, घंटा, आणि शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भुंगा. अख्खा वाद्यवृंदच की! पण वाजवणारा कुणी नाही, आणि ऐकण्यासाठी आधी कान बंद करायचे. आपण नेमके उलटे केले.

हे उलटे होण्याच्या वाटेवरही सुरतेकडचाच माणूस भेटतो. मणिभाई हरिभाई देसाई हे सुरतेजवळच्या देगामचे, जन्म १८९७ चा. मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात शिकायला गेले आणि नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदास यांचे शिष्य झाले. पुढे श्री योगेंद्र या नावाने त्यांनी १९१८ साली वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली. गुहेतला योग गृहस्थाच्या घरात आणण्याचे मोठे काम त्यांचे. त्याच माधवदासांचे दुसरे शिष्य म्हणजे आपले जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद. जन्म गुजरातेत डभोईला. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले आणि आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत नेऊन तपासले.

पण मालसरला जाण्याआधी कुवलयानंद बडोद्याला प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले होते, हे विसरता येत नाही. माणिकरावांचा भर संघ व्यायामावर. रांगा, देशी भाषेतले हुकूम, शेकडो मुलांनी एका ठेक्यात करायच्या हालचाली. कुवलयानंदांनी पुढे हीच शिस्त आसनांना लावून शाळांसाठी यौगिक संघ व्यायाम बसवला. गुलामीत वाकलेल्या मुलांना ताठ उभे करायचे होते, तेव्हा ते योग्यच होते. तिकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार करत होते आणि प्रत्येक नमस्काराबरोबर बीजमंत्र म्हणायला सांगत होते. मंत्र मात्र करणाऱ्यानेच म्हणायचा, त्यामुळे वेग त्याच्याच श्वासाचा राहायचा. हुकुमाचे तसे नाही. सुरतेच्या रस्त्यावरच्या स्पीकरचे मूळ मला मालसरच्या आश्रमापेक्षा बडोद्याच्या आखाड्यात दिसते.

हुकुमाच्या जागी संगीत आले ते अमेरिकेतून. टोनी स्कॉट नावाचा जॅझमधला क्लॅरिनेटवादक जपानला जाऊन राहिला. कोटो आणि शाकुहाची ही बासरी वाजवणारे जपानी कलाकार सोबत घेऊन त्याने १९६४ साली झेन ध्यानासाठी म्हणून एक तबकडी केली. १९६८ साली योगध्यानासाठी दुसरी, तीत सतार. 'अमुक करताना लावायचे संगीत' हा माल म्हणून विकता येतो हे तिथे कळले, आणि पुढे कॅसेट, सीडी करत ते मोबाईलपर्यंत आले. आमच्या पेडण्याच्या किनाऱ्यावर, हरमल-मांद्र्याला, आज जे वाडगे घुमवतात, ते या वाटेने आलेले आहेत. आपल्या शणै-घुमटाच्या नव्हे. (गंमत अशी की येहुदी मेन्युहिन हा थोर व्हायोलिनवादक १९५२ साली मुंबईत बी. के. एस. अय्यंगारांना भेटला आणि त्यांचा शिष्यच झाला. आणि अय्यंगार पद्धतीच्या वर्गात पार्श्वसंगीत लावत नाहीत!)

मग संगीत लावूच नये का? तसे मी म्हणत नाही. लुचियानो बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांचे दोन प्रयोग इथे उपयोगी पडतात. २००१ च्या प्रयोगात रोझरी, म्हणजे आपल्याकडचा तेर्स, लॅटिनमधून म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. मंत्र म्हटला तेव्हाही तेच. एरवी तो बारा ते सोळा असतो. संध्याकाळी क्रुसासमोर तेर्स म्हणणारी शेजारीण आणि देवळात नाम घेणारी आई, दोघींचा प्राणायाम एकच! २००६ च्या प्रयोगात चोवीस जणांना वेगवेगळे संगीत ऐकवले, त्यात सतारीवरचा रागही होता. लय जलद तसा ऐकणाऱ्याचा श्वास जलद. आणि सगळ्यांत जास्त विसावा मिळाला तो मध्येच सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत.

एका सरकारी खात्यात योगदिनाला स्पीकरवर जोशपूर्ण गाणी लावलेली मी पाहिली आहेत. पवनमुक्तासनात पडलेले आमचे हेडक्लार्क ठेक्यावर पाय हलवत होते. त्यांचा दोष नाही, ठेका असला की शरीर तिकडे जाणारच. लेझमीला हलगी हवीच, कारण तिथे पन्नास जणांनी एक व्हायचे असते. आसनात ज्याच्या त्याच्या फुप्फुसाचे माप वेगळे. साठीतल्या दम्याच्या माणसाला विशीतल्या पोराच्या श्वासाशी बांधून ठेवणे मला बरे वाटत नाही, मग बांधणारा हुकूम असो की बासरी.

म्हणून निवडायचेच असेल तर ठेका नसलेले निवडावे. नुसता तानपुरा सर्वांत उत्तम; त्याला सम नाही, त्यामुळे कुणी मागे पडत नाही आणि कुणी पुढे जात नाही. नाहीतर रागाचा आलाप, तबला येण्याआधीचा भाग. सकाळी अहिरभैरव चालेल, पण द्रुत सुरू व्हायच्या आत बंद करावा. शब्द असलेले गाणे नको, कितीही भक्तीचे असले तरी. आपल्याला बोरकर-अभिषेकी ऐकू आले की मन कवितेत जाते आणि पाठ वाकते. घरात आवाज इतकाच ठेवावा की स्वतःचा श्वास त्यावरून ऐकू येईल. शवासनात तोही बंद. आणि भ्रामरी करताना तर तानपुराही नको, कारण आपला हुंकार नकळत त्याच्या सुराला जुळवून घेतो आणि कान बंद करून जे ऐकायचे ते राहूनच जाते.